एका ओळीची नोंद : लाँग क्यूटी असलेल्या एका जलतरणपटूचं प्रकरण

लाँग क्यूटी म्हणजे हृदयाची लय बिघडवू शकणारा एक विकार. जलतरण संघाची फिजिओ म्हणून मी हे प्रकरण जवळून पाहिलं. संबंधित जलतरणपटू आणि तिच्या घरच्यांनी लिहायला परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे तपशील काढले किंवा बदलले आहेत. हृदयाविषयीचे निर्णय हृदयरोगतज्ज्ञांचे होते, माझे नव्हते. पण त्या निर्णयांना लागणारी माहिती आमच्याकडे होती, निदान असायला हवी होती. म्हणून मी जास्त वेळ तिथेच रेंगाळणार आहे.

पार्श्वभूमी

ती तेव्हा १९ वर्षांची होती. २०० मीटर बटरफ्लाय ही तिची मुख्य शर्यत, जोडीला ४०० मीटर मिडले. राष्ट्रीय संघात येऊन दोन वर्षं झाली होती आणि मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेची निवड चाचणी सात आठवड्यांवर आली होती. तब्येतीची तक्रार काहीही नव्हती. मोसमाच्या सुरुवातीला आम्ही सगळ्यांचेच ईसीजी काढतो, तसा तिचाही काढला. त्यात क्यूटीसी ४७४ मिलिसेकंद आला. आठवड्याने पुन्हा काढला तर ४७८.

हृदयाचा एक ठोका पडला की पुढच्या ठोक्यासाठी पेशींना विजेच्या दृष्टीने पूर्ववत व्हावं लागतं. त्यात जाणारा वेळ ईसीजीवरच्या क्यूटी अंतरात दिसतो, आणि नाडीच्या वेगाप्रमाणे तो दुरुस्त करून घेतला की क्यूटीसी मिळतो. स्त्रियांमध्ये हा आकडा साधारण ४६० च्या वर गेला की डॉक्टर थांबून नीट बघतात. ५०० च्या वर धोका जास्त धरला जातो. तिचा आकडा अधल्यामधल्या जागी होता.

म्हणून ट्रेडमिलवरची चाचणी केली. धावताना फारसं काही दिसलं नाही. थांबल्यावर, विश्रांतीच्या चौथ्या मिनिटाला क्यूटीसी ४९६ झाला. हे चौथं मिनिट निदानात मुद्दाम मोजतात. तिथे ४८० किंवा त्याहून जास्त आकडा आला तर लाँग क्यूटीच्या बाजूने गुण धरला जातो. पुढे जनुक तपासणीत केसीएनक्यू१ या जनुकात दोष सापडला. म्हणजे लाँग क्यूटी, प्रकार १.

या प्रकारात पोटॅशियमच्या वहनात कमतरता असते. मेहनत करताना नाडी वाढते तसं क्यूटी अंतर आखडायला हवं, ते पुरेसं आखडत नाही. अशा वेळी नको त्या क्षणी ठोका पडला तर लय बिघडते, मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस कोसळतो. पुष्कळदा लय आपोआप ताळ्यावर येते. काही वेळा येत नाही. आणि या प्रकाराला चाळवणाऱ्या गोष्टींमध्ये पोहण्याचं नाव पहिल्या रांगेत आहे. जमिनीवर शुद्ध हरपली तर माणूस पडतो, पाण्यात हरपली तर बुडतो.

प्रश्न कुठे अडला

हृदयरोगतज्ज्ञ बाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, "कधी शुद्ध हरपली होती का?"

ती म्हणाली, "नाही."

शेजारी बसलेली आई म्हणाली, "अगं, ते तलावावरचं विसरलीस का? तुला पाण्यातून काढलं होतं ना?"

घटना पाच वर्षांपूर्वीची होती, ती १४ वर्षांची असतानाची. संध्याकाळी मी तलावाच्या कार्यालयातली जुनी वही काढली. त्या तारखेला एक ओळ होती : "सरावानंतर चक्कर. नाश्ता नाही. साखरपाणी दिलं. घरी पाठवलं." अक्षर माझंच होतं.

त्या दिवशी मी आतल्या खोलीतून धावत आले तेव्हा ती काठावर आडवी होती आणि डोळे उघडत होती. त्याआधीचं मी काही पाहिलं नव्हतं, आणि कुणाला विचारलंही नव्हतं. नाश्ता केला नव्हता एवढं कारण मला पुरलं.

ही ओळ इतकी महत्त्वाची का ठरली? २००५ च्या अमेरिकी शिफारशींनी लाँग क्यूटी असलेल्यांना बहुतेक सगळ्या स्पर्धात्मक खेळांतून बाहेर ठेवलं होतं. २०१५ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिऑलॉजी यांनी ते सैल केलं. उपचार सुरू असतील, खबरदारी घेतली असेल आणि किमान तीन महिने कसलीही लक्षणं नसतील तर स्पर्धेचा विचार करता येईल, असं त्यांनी म्हटलं. मात्र एक अपवाद नाव घेऊन ठेवला : प्रकार १ चा रुग्ण, ज्याला आधी लक्षणं येऊन गेली आहेत, आणि स्पर्धात्मक पोहणं. म्हणजे ती पाच वर्षांपूर्वीची चक्कर हृदयामुळे आली असेल तर ती नेमकी त्या अपवादात बसत होती. साधी चक्कर असेल तर नव्हती.

आणि हे ठरणार होतं एका तपशिलावर. तिची शुद्ध पाण्यात, मेहनत चालू असताना हरपली, की बाहेर येऊन बसल्यावर? जोरात पोहून एकदम थांबलं की पायांत रक्त साठतं, रक्तदाब उतरतो आणि घेरी येते. अशी घेरी बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. मेहनत चालू असताना शुद्ध हरपणं ही वेगळीच गोष्ट आहे, ती धोक्याची खूण मानतात.

आईला "पाण्यातून काढलं" असं आठवत होतं, पण ती तिथे नव्हतीच. तिला ते फोनवर कुणीतरी सांगितलेलं. सर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, ठामपणे म्हणाले की ती भिंतीला हात लावून स्वतः वर आली होती. ते खोटं बोलत होते असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण सात आठवड्यांवर चाचणी असलेल्या प्रशिक्षकाला काय आठवावंसं वाटेल हेही मला कळत होतं. तिला स्वतःला फक्त छतावरचे दिवे आठवत होते.

डॉक्टरांनी त्या वेळी शेजारच्या लेनमध्ये असलेल्या मुलीचा नंबर मागितला. तिनं पोहणं कधीच सोडलं होतं. डॉक्टरांनी स्वतः फोन केला आणि कशासाठी विचारतेय ते न सांगता एवढंच म्हणाल्या, "त्या दिवशी काय काय झालं ते पहिल्यापासून सांग."

ती मुलगी म्हणाली, "सेट संपला होता. आम्ही दोघी वर आलो. तिनं टोपी काढली, माझ्या हातात दिली, म्हणाली धर जरा. आणि बसल्या बसल्या माझ्या अंगावर कलंडली. टोपीतलं पाणी माझ्या मांडीवर सांडलं."

टोपीबद्दल कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून डॉक्टरांना त्या आठवणीवर विश्वास ठेवावासा वाटला. त्यांनी अहवालात लिहिलं : बहुधा हृदयाशी संबंध नसलेली चक्कर. आम्हाला समोर बसवून म्हणाल्या, "यातला बहुधा हा शब्द कुणी विसरायचा नाही."

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय, स्पर्धात्मक पोहणं कायमचं थांबवणं. सगळ्यात सुरक्षित होता आणि आईला तोच हवा होता.

दुसरा, बीटा-ब्लॉकर (नाडीचा वेग आटोक्यात ठेवणारी गोळी) सुरू करून तीन महिने थांबणं, सगळ्या तपासण्या पुन्हा करणं आणि मग ठरवणं. यात निवड चाचणी हातची जात होती.

तिसरा पर्याय सरांचा होता. गोळी लगेच सुरू करायची, काठावर एईडी (बिघडलेली लय ताळ्यावर आणायला छातीवर विजेचा झटका देणारं, सोबत नेता येणारं यंत्र) ठेवायचा आणि सात आठवड्यांनी चाचणीत उतरायचं. त्यांनी डाना व्होल्मरचं उदाहरण दिलं. या अमेरिकी जलतरणपटूवर २००३ मध्ये हृदयाच्या वेगळ्या लयदोषासाठी प्रक्रिया झाली, नंतर लाँग क्यूटीची शंका निघाली. शरीरात यंत्र बसवण्याऐवजी तिनं काठावर एईडी ठेवून पोहायचं ठरवलं. २००४ मध्ये अथेन्सला रिलेचं सुवर्ण आणि २०१२ मध्ये लंडनला १०० मीटर बटरफ्लायचं सुवर्ण, तेही ५५.९८ सेकंदांच्या विश्वविक्रमासह. उदाहरण खरं आहे. पण तिच्या बाबतीत शंका होती, आमच्याकडे जनुकासकट निदान होतं. आणि एईडी हा कोसळल्यानंतरचा उपाय आहे, कोसळू नये यासाठीचा नाही.

एरिक शँटोचंही नाव निघालं. २००८ मध्ये वृषणाच्या कर्करोगाचं निदान झालेलं असताना त्यानं शस्त्रक्रिया पुढे ढकलली, डॉक्टरांच्या देखरेखीखाली बीजिंगला २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक पोहला आणि मग शस्त्रक्रिया करून घेतली. मला हे उदाहरण उलट बाजूने बोलकं वाटतं. त्याचा धोका आठवड्यांच्या चालीनं वाढणारा होता. तपासण्या करून तो मापता येत होता आणि बिघडतंय असं दिसलं तर थांबायला वेळ होता. आमच्यापुढचा धोका काही सेकंदांत घडणारा होता. "अमुक आजार असूनही पोहला" हे वाक्य दोघांनाही लागू पडतं, म्हणून ते फसवं आहे.

आणखी एक नाव त्या बैठकीत कुणी घेतलं नाही, पण माझ्या डोक्यातून जात नव्हतं : अलेक्झांडर दाले ओएन. २०११ चा १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचा विश्वविजेता, ३० एप्रिल २०१२ रोजी सराव शिबिरात २६ व्या वर्षी गेला. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार होता, आणि तो आधी लक्षात आला नव्हता. आम्हाला तर आधी कळलं होतं.

चौथा पर्याय होता छातीत डिफिब्रिलेटर, म्हणजे लय बिघडली की आतूनच झटका देणारं यंत्र, बसवण्याचा. गोळ्यांना या प्रकाराचे रुग्ण सहसा चांगला प्रतिसाद देतात आणि खांद्याच्या सततच्या हालचालीनं यंत्राच्या तारेवर ताण येऊ शकतो, म्हणून डॉक्टरांनी तो लगेच बाजूला ठेवला.

निर्णय

दुसऱ्या भेटीत डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना बाहेर बसवलं आणि तिच्याशी एकटीशी बोलल्या. ती काय म्हणाली ते तिनंच मला पुढे सांगितलं. तिनं विचारलं होतं, "गोळीनं मी हळू झाले तर हे मला संघात ठेवतील का?" आम्ही तिच्या जिवाबद्दल भांडत होतो आणि ती जागेचा विचार करत होती. मला त्याचं नवल वाटलं नाही, पण वाईट वाटलं. याचं उत्तर डॉक्टरांकडे नव्हतं. आमच्याकडे असायला हवं होतं.

दुसरा पर्याय ठरला. चाचणी सोडली. सर दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच तिचा तीन महिन्यांचा हलक्या सरावाचा तक्ता आणून दिला.

काय काय केलं

नॅडोलॉल हे बीटा-ब्लॉकर सुरू झालं, दिवसातून एकदा. बीटा-ब्लॉकरवर नेमबाजी, तिरंदाजी अशा काही खेळांत बंदी आहे, जलतरणात नाही, त्यामुळे उत्तेजकविरोधी नियमांची अडचण आली नाही. पण पूर्ण जोरात १९२ पर्यंत जाणारी नाडी १६० च्या पुढे जाईना. पहिले तीन आठवडे ती म्हणायची, "अंगात वाळू भरल्यासारखं वाटतं." २०० मीटरची वेळ जवळपास चार सेकंदांनी घसरली.

औषधपेटी रिकामी करून पुन्हा भरली. क्यूटी लांबवणारी औषधं आपल्या आसपास किती सहज फिरतात हे तेव्हा लख्ख कळलं : उलटीवरच्या डोमपेरिडोन आणि ऑन्डॅनसेट्रॉन, घशासाठी दिली जाणारी ॲझिथ्रोमायसिन, बुरशीवरची फ्लुकोनॅझोल. यातली तीन आमच्या पेटीत होती, आणि मीच ती प्रवासात मुलांना देत आले होते.

थांबण्याचे नियम पाण्याबाहेर, कुणी घाईत नसताना लिहिले. गोळी चुकली तर त्या दिवशी पाणी बंद. उलट्या किंवा जुलाब झाले तर पोटॅशियम तपासेपर्यंत बंद. धडधड, घेरी, डोळ्यांपुढे अंधारी यातलं काहीही वाटलं तर बाहेर. आणि हे ठरवायला सर, मी आणि ती स्वतः, तिघांपैकी कुणीही एक पुरे. बाकीच्या दोघांना विचारायचं नाही.

मग एईडीचा सराव. रेस सूट अंगाला इतका घट्ट बसतो की घालायलाच वीस मिनिटं जातात. पॅड उघड्या, कोरड्या छातीवर चिकटवावे लागतात. तिचा एक फाटका जुना सूट पुतळ्यावर चढवून, ओला करून मी साध्या कात्रीनं कापायला गेले. कात्री कापडावरून घसरत राहिली, पात्यांत सूट अडकला, मला ४० सेकंद लागले. ड्रेसिंग कापायची बोथट टोकाची जाड कात्री आणली, खांद्यापासून सरळ खाली कापत गेले तर ७ सेकंद. ती कात्री आणि दोन टॉवेल एईडीच्या पिशवीला बांधून ठेवले. बुडालेल्या माणसाला आधी श्वास द्यायचे, मग छातीवर दाब, हा क्रमही जीवरक्षकांसोबत पुन्हा पुन्हा घोकला.

तीन महिने लक्षणांशिवाय गेले. ट्रेडमिलवर चौथ्या मिनिटाचा आकडा ४७१ वर आला. डॉक्टरांनी लेखी परवानगी दिली, दर सहा महिन्यांनी फेरतपासणीच्या अटीवर.

पहिली स्पर्धा

सकाळच्या हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, ती सहावी आली. संध्याकाळच्या फायनलला मी एईडीची पिशवी घेऊन उडी मारायच्या ब्लॉकच्या मागे, तिच्या लेनच्या रेषेत उभी होते. दुसरा माणूस टर्नच्या टोकाला. ती सातवी आली. भिंतीला हात लावून तिनं माझ्याकडे बघून अंगठा दाखवला आणि मी इतका वेळ रोखलेला श्वास सोडला.

स्विम-डाऊनचा, म्हणजे शर्यतीनंतर सावकाश पोहण्याचा, तलाव शेजारच्या इमारतीत होता. दोन दारं आणि मधे एक बोळ. मी टॉवेल आणि पाण्याची बाटली घेऊन तिच्यासोबत गेले. पिशवी ब्लॉकच्या मागेच राहिली, कारण आमच्या आराखड्यात लिहिलं होतं : एईडी ब्लॉकजवळ.

३०० मीटर सावकाश पोहून ती लेनच्या दोरीला लटकली आणि म्हणाली, "ताई, डोकं हलकं वाटतंय."

तिला वर घेतलं, आडवं केलं, पाय उंच केले. नाडी ९६, नियमित. रक्तदाब ८८/५४. एका मुलाला पिशवी आणायला पळवलं. ती पोचली तेव्हा चार मिनिटं होऊन गेली होती. काही झालं नाही. नंतरच्या ईसीजीत तिच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा वेगळं काही निघालं नाही. औषधानं आणि शर्यतीनंतर उतरलेला रक्तदाब एवढंच कारण डॉक्टरांनी सांगितलं.

पण लय बिघडली असती तर? शॉक आणि सीपीआर (छातीवर दाब आणि श्वास देणं) यांशिवायच्या दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. सीपीआर मी सुरू केला असता, तरी शॉकला चार मिनिटं लागली असती. आणि आमच्याच फाइलमध्ये लिहिलेलं होतं की तिचा आकडा मेहनत थांबल्यानंतरच्या चौथ्या मिनिटाला सगळ्यात वाईट असतो. शर्यतीच्या सव्वादोन मिनिटांवर आम्ही सगळं लक्ष लावलं आणि त्यानंतरचा वेळ मोकळा सोडला.

पुढे काय झालं

पिशवी जागेला नाही, तिला जोडली. ती स्विम-डाऊनला गेली की पिशवी जाणार, ती शर्यतीआधी कॉल रूममध्ये बसली की पिशवी दाराशी.

ती आणखी दीड मोसम पोहली. वेळ सुधारत जुन्या सर्वोत्तमाच्या दोन सेकंदांपर्यंत आली. एका शिबिरात पोट बिघडलं, दोन दिवस गोळी उलटून पडली. तिनं स्वतः येऊन सांगितलं आणि चार दिवस पाण्यात उतरली नाही. त्यात एक फायनल गेली. हे तिनं लपवलं नाही, याचं मला पदकापेक्षा जास्त मोल वाटलं.

मग एका मोसमाअखेर तिनं थांबायचं ठरवलं. तब्येत ठीक होती, डॉक्टरांची हरकत नव्हती. म्हणाली, "आधी पाण्यात उतरलं की मी एकटी असायचे. आता मी उतरले की सगळे माझ्याकडे बघतात." आम्ही बघणं थांबवू शकत नव्हतो, हे तिलाही माहीत होतं.

हा दोष आई किंवा वडील यांच्याकडून प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते, म्हणून घरच्यांच्याही तपासण्या झाल्या. आईत आणि ११ वर्षांच्या धाकट्या भावात तोच दोष निघाला. दोघांनाही गोळ्या सुरू आहेत. भाऊ तेव्हा आमच्याच तलावावर शिकाऊ गटात होता.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी ती नोंद. पाण्यात की बाहेर, उभी की बसलेली, आधी काय म्हणाली, किती वेळ शुद्ध नव्हती, कुणी पाहिलं आणि त्याचा फोन नंबर : पाच-सहा ओळी झाल्या असत्या. त्या दिवशी त्या लिहिल्या असत्या तर पाच वर्षांनी एका टोपीवर सगळं अवलंबून राहिलं नसतं. मेहनतीच्या खेळात चक्कर आली तर ईसीजी काढायचा, हेही तेव्हाच व्हायला हवं होतं. ती पाच वर्षं औषधाशिवाय पोहत राहिली.

तिच्याशी एकटीशी बोलणं पहिल्याच भेटीत व्हायला हवं होतं. आणि संघातल्या जागेविषयीच्या तिच्या प्रश्नाचं लेखी उत्तर आम्ही दोन महिने दिलंच नाही. ज्या मुलीला वाटतं की खरं सांगितलं तर जागा जाईल, तिच्याकडून "घेरी येतेय" हे वेळेवर ऐकायची अपेक्षा आम्ही कोणत्या तोंडानं करत होतो?

आराखडा बनवताना तिचा स्पर्धेचा अख्खा दिवस, बसमधून उतरण्यापासून परत बसेपर्यंत, पायी चालून बघायला हवा होता. आम्ही तो कागदावर बनवला.

एका मुद्द्यावर सरांचं आणि माझं अजून एकमत नाही. मला वाटतं, तीन महिन्यांनंतरची पहिली शर्यत फायनलपर्यंत न नेता हीटवर थांबवायला हवी होती. एका दिवसात दोनदा पूर्ण जोर, तोही नव्या औषधावर, आम्ही कधी सरावात करून पाहिलाच नव्हता. सर म्हणतात, परवानगी दिल्यावर अर्धवट पोहायला लावणं म्हणजे तिच्यावर अविश्वास दाखवणं. डॉक्टरांना विचारलं तर त्या म्हणाल्या, हा प्रश्न तुम्ही मला शर्यतीआधी विचारला नव्हता.

भाऊ डोस स्थिरावेपर्यंत सात महिने काठावर बसून होता. आता तो स्पर्धेच्या गटात नाही, पण आठवड्यातून दोनदा जीवरक्षकासमोरच्या लेनमध्ये पोहतो. परतीच्या पहिल्याच दिवशी त्याच्या नाकात पाणी गेलं आणि तो खोकत बाहेर आला. मी वहीत सहा ओळी लिहिल्या, शेजारच्या लेनमधल्या मुलाच्या नावासकट.